डावीकडचे आखूड कल्ले

पुण्याला समुद्र नाही. ही उणीव पुणेकरांनी कधी मनावर घेतलेली नाही. जी नदी आहे तिचं त्यांनी काय करून ठेवलंय ते दिसतंच आहे. तर अशा या बिनसमुद्राच्या गावात नासिरभाई तांबोळींनी अठ्ठावीस वर्षं समुद्रातल्या किड्यांची चित्रं काढली. कर्वेनगरच्या पुढे टेकडीला टेकून एक जुनी संशोधन संस्था आहे, तिथे. किनाऱ्यावरच्या चिखलातले किडे काढले, तसेच तीन-तीन किलोमीटर खोल, जिथे सूर्य जन्मात पोचत नाही, तिथलेही काढले. स्वतः नासिरभाईंनी समुद्र पाहिला तो उभ्या आयुष्यात दोनदा, एकदा हाजीअलीला आणि एकदा अलिबागला, आणि दोन्ही वेळा ओहोटी होती.

निवृत्त होऊन त्यांना आठ वर्षं झाली होती. गेल्या फेब्रुवारीत एका सकाळी ते कोंढव्यातल्या घराच्या गॅलरीत कढीपत्त्याच्या कुंडीला पाणी घालत होते, तेवढ्यात फोन वाजला.

"नासिरचाचा का? मी तेजस्विनी पोकळे. लेलेमॅडमच्या लॅबमध्ये पीएचडी करतेय. म्हणजे मॅडम नाहीयेत आता, पण दारावरचा बोर्ड अजून त्यांचाच आहे."

"बोर्ड माझा आहे," नासिरभाई म्हणाले. "नाव त्यांचं आहे."

मुलगी हसली. धायरीची होती, शेतकऱ्याच्या घरातली. वडिलांच्या शेतात आता सात मजली इमारती उगवल्यात आणि लेक समुद्राच्या तळाचे किडे मोजते. तिला एक चित्र हवं होतं. फोटो आहेत, म्हणाली, पण जर्नलवाले हाताने काढलेलं रेखाचित्र मागतात, आणि सॉफ्टवेअरवर काढलं तर किडा एकदम टूथब्रशच्या जाहिरातीतला वाटतो.

"आमच्या सरांनी सांगितलं, हे काम पुण्यात फक्त तुम्हीच करता."

"करत होतो," नासिरभाई म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून ते बसस्टॉपवर उभे होते, हेही खरं.

कोंढव्याहून कर्वेनगरला जायचं म्हणजे दोन बस बदला, आणि वाटेत जुनं पुणं कुठे कुठे दिसतंय ते शोधत बसा. नासिरभाईंना ते जिकडेतिकडे दिसायचं, कारण त्या पुण्याची निम्मी अक्षरं त्यांच्या हातची होती. संस्थेत लागण्याआधी नाना पेठेत त्यांचं पाट्या रंगवायचं दुकान होतं. पुण्यात पाट्या रंगवणाऱ्याला दोन विद्या याव्या लागत, एक अक्षराची आणि दुसरी अपमान गिळायची. कोथरुडातल्या एका गृहस्थांनी त्यांच्याकडून 'बेल एकदाच वाजवावी. आम्ही बहिरे नाही, कामात आहोत.' अशी पाटी करून घेतली होती, आणि ती हातात पडल्यावर पूर्णविराम जरा मोठा झाला म्हणून अर्धा तास हुज्जत घातली होती. आता सगळीकडे फ्लेक्स. फ्लेक्सवर कोणी हुज्जतही घालत नाही, याचंच नासिरभाईंना जास्त वाईट वाटे.

संस्थेत ते शिरले तेही पाटीमुळेच. १९८९ साल. 'प्राणीशास्त्र विभाग' अशी झोकदार पाटी रंगवून त्यांनी नेली. आतून एक ठेंगणी, सुती पातळ नेसलेली बाई आली, चष्मा कपाळावर चढवून तिने पाटी पाहिली आणि म्हणाली, "णी ऱ्हस्व करा."

"बाई, प्राणी तर दीर्घच असतो."

"अहो, प्राणी एकटा असला की दीर्घ. समासात शिरला की ऱ्हस्व होतो."

"माणसाचंही तसंच होतं बाई," नासिरभाई म्हणून गेले. मग जीभ चावली. पण डॉ. यमुना लेले खळखळून हसल्या, आणि पाटी दुरुस्त होईपर्यंत तिथेच खुर्ची ओढून बसल्या. नासिरभाईंनी खारीच्या केसाचा सगळ्यात बारीक ब्रश काढला, वेलांटी खरवडून पुन्हा फिरवली, तिचं टोक केसाएवढं निमुळतं करून सोडलं. बाईंनी ते टोक बराच वेळ निरखलं. "केस काढता येतात का तुम्हाला?" त्यांनी विचारलं. नासिरभाईंना प्रश्न कळला नाही. दुसऱ्या दिवशी कळला, कारण बाईंनी त्यांना सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं होतं आणि समोर पायापायाला केसांचे झुबके असलेला एक जीव पडला होता.

"किडा आहे की हो बाई."

"किडा नव्हे, वलयांकित प्राणी. आणि ते केस नव्हेत, दृढरोम. प्रत्येक जातीचे वेगळे असतात. कुणाचं टोक आकड्यासारखं, कुणाचं करवतीसारखं. एक चुकला तर जात चुकली."

तेव्हापासून नासिरभाई बाईंसमोर वलयांकित प्राणी म्हणत आणि घरी गेल्यावर किडा म्हणत. दुकान पुढे तीन-चार वर्षांत बंदच झालं.

कामाची रीत बाईंनीच शिकवली. सूक्ष्मदर्शकाला एक आडवी नळी लावलेली असे, तिच्यात आरसा. त्यातून पाहिलं की किडाही दिसे आणि खाली कागदावर आपली पेन्सिलही दिसे, एकावर एक. जणू किडा कागदावरच येऊन निजलाय. आपण फक्त त्याच्या कडेने पेन्सिल फिरवायची. मग पारदर्शक कागदावर शाईने उतरवायचं. सावली रेघांनी नाही, ठिपक्यांनी. नमुन्याचा एखादा भाग तुटलेला असला तर तिथे तुटक रेघ मारायची, अंदाजाने भर घालायची नाही. "मनाचं काही नको, नासिर," बाई बजावत. "मनाचं काढायला नाना पेठ आहे."

काय दिवस होते ते! खिडकीबाहेर तेव्हा ज्वारीचं शेत होतं. दुपारी तीनला स्टोव्हवर चहा उकळायचा आणि स्पिरिटच्या वासात आल्याचा वास मिसळायचा. रमजानमध्ये बाई नासिरभाईंसमोर चहा पीत नसत. बाहेर व्हरांड्यात जाऊन उभ्याने पीत आणि परत येऊन विनाकारण चिडचिड करत, म्हणजे आपण प्यायलो नाही असं वाटावं. ईदला शीरखुर्म्याचा डबा आला की त्यात खारीक कमी आहे असा शेरा मारून सगळा संपवत. तेवीस वर्षांत दोघांमध्ये बारा आणे वाक्यं किड्यांबद्दल झाली असतील आणि उरलेली ऱ्हस्व-दीर्घाबद्दल. पण सुरय्याभाभींना, म्हणजे नासिरभाईंच्या बायकोला, बाईंची एकेक लकब पाठ होती. नवरा घरी येऊन दुसरं काही सांगतच नसे.

आता बाईंच्या मनातली एक गोष्ट सांगायला हवी. पुण्यात नावं ठेवणाऱ्यांना तोटा नाही. बाईंना मात्र आयुष्यात एकदाच, एकाच प्राण्याला, नाव ठेवायचं होतं. जो नवी जात शोधतो तो तिला नाव देतो आणि त्या नावापुढे त्याचं आडनाव छापलं जातं. शास्त्र आहे तोवर ते पुसलं जात नाही. बाईंनी शेकडो किडे ओळखले, पण ते सगळे दुसऱ्या कोणी तरी आधी बारसं केलेले. एकदा वाटलं, सापडला. तर एका जपान्याने चार महिने आधी तोच छापलेला. आणखी एकदा वाटलं, तर दीडशे वर्षांपूर्वीच्या एका जर्मन पुस्तकात तो पान अडवून बसला होता. बाई त्या दिवशी चहा न पिता घरी गेल्या.

मग २०१० साली जहाजावरून ती बाटली आली. हिंदी महासागराच्या तळाला भेगा आहेत, त्यांतून उकळतं काळं पाणी धुरासारखं वर येतं. बाई त्यांना समुद्राच्या चुली म्हणत. त्या चुलींच्या कडेला, जिथे काहीच जगू नये तिथे, हे किडे जगतात. बाटलीत एक अखंड किडा होता आणि दोघांचे तुकडे. बोटाच्या पेराएवढा, विटकरी रंगाचा, अंगाच्या दोन्ही कडांना फांद्याफांद्यांचे कल्ले. बाई सूक्ष्मदर्शकावरून उठल्या तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता. "नासिर, हा जर नवा असला ना," एवढंच म्हणाल्या. तीन दिवसांनी, चित्र हातात पडल्यावर, म्हणाल्या, "नाही हो. जुनाच आहे तो." बाटलीचं बूच लावलं आणि कपाटात ठेवून दिली. बाई २०१२ साली निवृत्त झाल्या. २०१९ साली गेल्या. नाव ठेवायचं राहिलं ते राहिलंच.

हे सगळं मनात घोळवत नासिरभाई संस्थेच्या पायऱ्या चढले. पाटी जागेवर होती, णी ऱ्हस्व होता. तेजस्विनीने त्यांना खुर्ची दिली, मशीनचा चहा दिला आणि लगेच कामाला लागली.

"चाचा, मागच्या वर्षी त्याच वेंट्सवरून, म्हणजे त्या गरम भेगांवरून, नवे नमुने आले. अकरा, सगळे इन्टॅक्ट. डीएनए केला, तर तो मॅचच होईना. मग एकेक नीट बघितला. तुम्हीच बघा."

नासिरभाईंनी डोळा लावला. उजवीकडचे कल्ले लांब, डौलदार, फांद्यांना फांद्या फुटलेले. डावीकडचे आखूड, निम्मेसुद्धा नाहीत. तिने दुसरा ठेवला, तिसरा ठेवला. सगळ्यांचे डावीकडचे आखूड. शेवटी तिने जुनी बाटली उघडून २०१० सालचा किडा ठेवला. त्याचेही तसेच.

"दुसऱ्या कुठल्याही जातीत असं नाहीये. म्हणजे ही नवी स्पीशीज आहे चाचा! पंधरा वर्षं आपल्याच कपाटात बसून होती." मग तिने टेबलावर एक जुना छापील लेख ठेवला. बाईंचा, किडा जुन्याच जातीचा म्हणून नोंदवणारा. त्यात नासिरभाईंचं चित्र होतं, दोन्हीकडे सारखे लांब कल्ले. "एकच ऑकवर्ड आहे. आधीची ओळख का चुकली, ते लिहावं लागतं. मी इंग्लिशमध्ये लिहिलंय, मराठीत सांगायचं तर, 'लेले यांनी नमुन्याच्या डाव्या बाजूचे निरीक्षण केलेले दिसत नाही.' जरा हार्श आहे, मला माहितीये. पण दुसरं काय असणार? त्यांनी तुम्हाला सांगितलं असेल ना, की एक बाजू बघा आणि दुसरी सेम काढा?"

नासिरभाईंनी मान हलवली. ती मान हो म्हणाली की नाही म्हणाली, हे बघणाऱ्याच्या सोयीवर होतं. तेजस्विनीने हो धरलं, आणि नासिरभाईंनी तिला धरू दिलं.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले, पण एकही पाटी त्यांनी वाचली नाही.

खरं काय झालं होतं ते जगात एकट्या त्यांनाच ठाऊक होतं. नाना पेठेत उस्तादांनी शिकवलेली एक युक्ती होती. महिरप असो, कमळ असो, समोरासमोरचे दोन मोर असोत, पूर्ण कधी काढायचं नाही. अर्धंच काढायचं, कागदाची मधोमध घडी घालायची, रेघेवरून सुईने भोकं पाडत जायची. घडी उघडली की दुसरा अर्धा आपोआप तयार. वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी थोपटली की पाटीवर सगळं चित्र उमटतं. याला खाका म्हणत. डावं-उजवं सूतभर जरी चुकलं तरी उस्ताद पाटी पुसायला लावत. वाकडी पाटी म्हणजे रंगवणाऱ्याची अब्रू गेली.

संस्थेत आल्यावर नासिरभाईंनी खाका सोडला होता. त्या एका दिवशी तेवढा हात फिरून जुन्या वळणावर गेला. नळीतून त्यांना डावीकडचे कल्ले आखूड दिसले होते, नाही असं नाही. त्यांना वाटलं, जाळ्यात चेमटले असतील, नाही तर स्पिरिटात आकसले असतील. अशा वेळी काय करायचं ते बाईंनी शंभर वेळा सांगितलेलं होतं. पण बाईंचा तो लाल झालेला चेहरा त्यांनी पाहिला होता. बाईंचा किडा जगापुढे पहिल्यांदाच जाणार आणि लंगडा दिसणार, हे त्यांच्याच्याने बघवेना. त्यांनी उजवी बाजू मन लावून काढली आणि पारदर्शक कागदाची मधोमध घडी घातली. चित्र इतकं देखणं उतरलं की त्यांनी त्याची एक प्रत फ्रेम करून घरच्या भिंतीवर लावली. ती अजून होती तिथे.

सुरय्याभाभी मेथी निवडत बसल्या होत्या. नासिरभाईंनी चपला काढल्या, फ्रेमकडे पाठ करून बसले आणि सगळं सांगून टाकलं. घरात बोलणं हिंदीतच चाले, पण बाईंचा विषय निघाला की दोघं आपसूक मराठीत येत.

"म्हणजे चूक तुमची," भाभी म्हणाल्या, "आणि नाव लागणार बाईंचं?"

"मी काही बोललो नाही."

"तेच तर म्हणतेय मी."

मुलगा अरबाज खराडीच्या कंपनीतून नुकताच आला होता. बुटाची नाडी सोडता सोडता तो म्हणाला, "अब्बा, एवढं काय त्यात? असले पेपर जगात सात माणसं वाचतात."

"सातच वाचतात," नासिरभाई म्हणाले. "पण ती कायम वाचतात. बाई निष्काळजी होत्या, असं वाचतील. ती मुलगी शंभर वर्षं जरी जगली तरी तिला तेच माहीत असणार." आणि मग, "आणि माझं चित्र बघून म्हणतील, वा, काय हात होता."

भाभींनी मेथीच्या काड्या गोळा केल्या. "उद्या पहिल्या बसने जा," त्या म्हणाल्या. "डबा देते."

दुसऱ्या दिवशी तेजस्विनी लॅबचं कुलूप उघडत असतानाच नासिरभाई तिच्यामागे उभे होते. आत जाऊन बसण्याचीही त्यांनी वाट पाहिली नाही. घडीपासून सगळं सांगितलं. सांगताना आवाज स्थिर होता. अठ्ठावीस वर्षांची अब्रू अशी सरळ आवाजात देऊन टाकता येते, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. तेजस्विनीला राग आला असावा, पण चाचांच्या वयाकडे बघून तिने तो आवरला.

"पण चाचा, मॅडमनी स्वतः बघितलंच असेल ना? तुम्ही चित्र काढायच्या आधी?"

"बघितलं असणारच. मला तेच कळत नाही."

तिने कपाट उघडलं. बाईंच्या नोंदवह्या तिथे रांगेने लावलेल्या होत्या. "या मी ट्राय केल्या होत्या वाचायला. आम्ही सगळ्यांनी ट्राय केल्या. मॅडमचं अक्षर म्हणजे," ती थांबली.

"मुंग्या," नासिरभाई म्हणाले. बाटल्यांवरची लेबलं सुवाच्य अक्षरात लिहायचं काम त्यांचंच असे, त्यामुळे बाईंचं अक्षर वाचता येणारा माणूस आता तेवढा एकच उरला होता. त्यांनी २०१० सालची वही घेतली, खिडकीशी नेली आणि ऑगस्ट काढला. मोठ्याने वाचायला लागले.

"'नऊ ऑगस्ट. अखंड नमुना पाहिला. डावीकडचे कल्ले आखूड, उजवीकडच्यांच्या निम्मेही नाहीत. आकसलेले वाटत नाहीत, टोके शाबूत आहेत. नवीन?'"

त्याखाली एकच शब्द होता, मुंग्यांचा नव्हे, चांगल्या टपोऱ्या अक्षरात, खाली दोन रेघा ओढलेला. 'सव्या.' नासिरभाईंना शब्द कळला नाही.

"सव्य म्हणजे डावा," तेजस्विनी हळूच म्हणाली. "सव्यसाचीतला. चाचा, मॅडमनी नाव ठेवलं होतं."

शब्दावर पट्टी धरून एक आडवी रेघ मारलेली होती. नासिरभाईंनी पुढचं वाचलं.

"'बारा ऑगस्ट. नासिरचे चित्र आले. दोन्ही बाजू सारख्या. लगेच पुन्हा नमुना पाहिला. मला अजूनही आखूडच दिसतात. नासिर मनाचे काढत नाही. तेव्हा दोष माझ्या डोळ्यांचा.'"

त्यांनी पान उलटलं. पुढची नोंद तीन आठवड्यांनंतरची होती, आणि ती त्यांनी आधी मनात वाचली.

"वाचा ना चाचा."

"'दोन सप्टेंबर. डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात, काही दोष नाही. पण जे नाही ते मला दिसते, हे खरे. अशा डोळ्यांवर भरवसा ठेवून बारीक काम करणे योग्य नव्हे. थांबावे.'"

मग त्यांना सगळं आठवलं. त्या दिवाळीनंतर बाई सूक्ष्मदर्शकावर बसल्याच नव्हत्या. यायच्या, फायली बघायच्या, आलेले नमुने दुसऱ्यांकडे पाठवून द्यायच्या. निरोपसमारंभाला त्या म्हणाल्या होत्या, "डोळे गेले हो नासिर," आणि नासिरभाई समजूत काढत म्हणाले होते, "वय झालं की होतंच बाई." बाईंनी त्यांच्या हातावर विश्वास ठेवला आणि स्वतःच्या डोळ्यांवरचा उडवला. उरलेली नऊ वर्षं त्या तशाच जगल्या, आणि तशाच गेल्या.

अडुसष्ट वर्षांचा माणूस लहान मुलासारखा रडायला लागला. तेजस्विनीने पाणी आणलं, ग्लास त्यांच्या हातात धरवला, आणि त्यांच्याजवळ जमिनीवरच बसून राहिली.

ग्लास रिकामा झाल्यावर ती म्हणाली, "चाचा, ऐका. हे तारखेसकट आहे. वर्णन त्यांचं आहे, नाव त्यांचं आहे. पेपर मी लिहीन, पण नाव सव्याच ठेवता येईल, आणि नावापुढे 'लेले' छापता येईल. नियमात बसतं, मला वाटतं. सरांना आजच विचारते."

"पोकळे नाही लागायचं मग?"

"मला अजून खूप किडे मिळतील," ती म्हणाली. "आणि ते डाव्या बाजूचं वाक्य मी काढते. 'चित्रातील त्रुटीमुळे' असं काही तरी घालू. तुमचं नाव घालायची गरज नाही."

"त्रुटी कशाला? चूक म्हण," नासिरभाई म्हणाले. नाक पुसलं. "आणि नाव घाल. पूर्ण घाल. नासिर इब्राहिम तांबोळी याने एक बाजू पाहून दुसरी मनाने काढली. डॉ. लेले यांना बरोबर दिसले होते. अस्संच लिही."

"चाचा, ते कायमचं राहील."

"म्हणून तर सांगतोय."

तिने लिहिलं. त्यांनी तिच्याकडून ते दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, "आता तो नमुना ठेव. बाईंचा. २०१०चा."

"नवे अकरा आहेत की, चांगले, ताजे."

"बाईंचाच."

तिने जुना किडा काढून काचेच्या ताटलीत ठेवला, नळी लावून दिली, दिव्याचा प्रकाश जमवला. नासिरभाईंनी पेन्सिलीला टोक केलं. हात आता पूर्वीचा राहिला नव्हता. कागदावर टेकवला की मनगट थरथरायचं, म्हणून डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरावं लागलं. डावीकडचा पहिला आखूड कल्ला काढायला पाऊण तास लागला. रेघ कापरी आली. त्यांनी ती खोडली नाही. दुसरा काढला, तिसरा काढला. सगळे होते तसेच, जसे दिसत होते तसेच.

डबा उघडायची वेळ टळून गेली. पलीकडच्या टेबलावर तेजस्विनी आवाज न करता काम करत होती. डावी बाजू पुरी झाल्यावर नासिरभाईंनी नळीतून डोळा काढला नाही. तसेच वाकलेले, कागदाशीच बोलल्यासारखे, पण तेजस्विनीला नीट ऐकू जाईल एवढ्या आवाजात ते म्हणाले, "बाई, तुमचे डोळे चांगले होते."